बंगळुरूची तिकिटं

महाराष्ट्रातल्या तिशीच्या आसपासच्या कुणाही मेटलवाल्याला विचारून बघा, ‘पहिली मोठी कॉन्सर्ट कुठे पाहिलीस?’ उत्तर मुंबई किंवा पुणे असेलच असं नाही. बऱ्याचदा ते बंगळुरू असतं. मग पुढची पाच मिनिटं बँडबद्दल नसतातच. स्लीपर बस कुठे बंद पडली, हुबळीला पहाटे चहा कसा मिळाला, उद्यान एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात काळे टीशर्ट घातलेली सात पोरं कशी दाटीवाटीने बसली, हेच सगळं चालतं. कॉन्सर्ट दोन तासांची आणि गोष्ट तीन दिवसांची.

या प्रवासाला आमच्यात ‘वारी’ म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द कधीच पटला नाही. वारीला तिकीट नसतं. वारीत बायका असतात, म्हातारी माणसं असतात, आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला तिच्यात जागा असते. आमच्या प्रवासात यातलं काहीच नव्हतं. मग हा प्रवास होता तरी काय? तो करावा का लागला? आणि त्यात कोण मागे राहिलं? हा लेख त्याबद्दल आहे.

एक कॅसेट, एक ट्रक, एक बस

आधी थ्रॅश म्हणजे काय ते सांगतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये हेवी मेटल बँड्सची नवी लाट आली आणि अमेरिकेत हार्डकोर पंक जोरात होतं. ऐंशीच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या पोरांनी एकाची गिटार आणि दुसऱ्याचा वेग एकत्र केला. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज घोटायचा आणि तोच सूर मशीनगनसारखा वाजवायचा. खाली दोन्ही पायांनी बास ड्रम. विषय युद्ध, अणुबॉम्ब, वेडाची इस्पितळं, खोटे धर्मगुरू. प्रेमगीतांना जागा नाही.

हे संगीत रेडिओवर लागत नव्हतं, त्यामुळे ते हातोहात फिरलं. मेटालिकाने १९८२ साली काढलेली ‘नो लाइफ टिल लेदर’ ही डेमो कॅसेट चाहत्यांनी एकमेकांना कॉपी करून टपालाने पाठवली. ती न्यू जर्सीत जॉनी झझुला नावाच्या माणसाकडे पोचली. त्याचं जुन्या बाजारात रेकॉर्डचं दुकान होतं. त्याने बँडला पंधराशे डॉलर पाठवले आणि पूर्वेला बोलावून घेतलं. १९८३च्या वसंतात ही पोरं भाड्याच्या ट्रकमध्ये सामान आणि स्वतःला कोंबून अख्खा देश आडवा पार करून गेली.

तिथे पोचल्यावर त्यांनी आपल्याच गिटारिस्टला, डेव्ह मस्टेनला, काढून टाकलं. विमानाचं नव्हे, ग्रेहाउंड बसचं तिकीट हातात दिलं. परतीचा प्रवास जवळपास चार दिवसांचा. त्या बसमध्ये त्याच्या हाती एका सिनेटरचं अण्वस्त्रांविषयीचं पत्रक लागलं आणि त्यातल्या एका शब्दावरून पुढे त्याच्या नव्या बँडचं नाव ठरलं, मेगाडेथ. इकडे मेटालिकाचा पहिला अल्बम ‘किल एम ऑल’ जुलै १९८३ मध्ये आला. तीन वर्षांनी, २७ सप्टेंबर १९८६ रोजी, स्वीडनमध्ये रात्रीच्या प्रवासात बँडची बस उलटली आणि बासिस्ट क्लिफ बर्टन गेला. तो चोवीस वर्षांचा होता.

म्हणजे थ्रॅशच्या इतिहासात रस्ता जागोजागी आहे. आमच्यासारखे चाहते याच गोष्टी एकमेकांना सांगून आपल्या बसप्रवासाला मोठेपण देतात. पण यात एक गोष्ट सुटते. हा क्लिफ मेटालिकात आला तोच मुळी एका अटीवर, की बँडने लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहायला यायचं. कारण ऐकणारी पोरं तिथे होती. बर्कलीला ‘रूथीज इन’ नावाचा छोटा क्लब होता, शहरात ‘द स्टोन’ होता. आज मंचावर असलेला बँड उद्या श्रोत्यांत उभा असे. एक्सोडस तिथलाच.

जर्मनीत हेच झालं. क्रिएटर एसेनचा, सोडम गेल्सनकिर्खेनचा. दोन्ही कोळशाच्या पट्ट्यातली शेजारशेजारची शहरं. सोडमचा गायक स्वतः खाणीत कामाला होता. ब्राझीलमध्ये सेपल्तुरा बेलो होरिझॉन्तेत १९८४ साली सुरू झाला आणि त्याचं पहिलं रेकॉर्ड काढलं त्याच गावातल्या कोगुमेलो नावाच्या रेकॉर्डच्या दुकानाने. कॅसेट लांब फिरली, खरं आहे. पण बँड जन्मले ते चालत जाता येईल अशा जागांमुळे.

धोबी तलावचं खुलं नाट्यगृह

अशी जागा मुंबईलाही होती. धोबी तलावला, सेंट झेवियर्स कॉलेजला लागून, रंगभवन. सरकारी, खुलं, मधोमध शहरात, मरीन लाइन्स स्टेशनपासून चालत. १९७८ पासून तिथे जॅझ यात्रा भरायची. १९८६ साली इंडिपेन्डन्स रॉक सुरू झाला आणि दर पावसाळ्यात कॉलेजची पोरं भिजत तिथे उभी राहू लागली. विरार-कल्याणची पोरं लोकलच्या पासावर येऊ शकत होती, आणि शेवटची लोकल पकडून आईचा ओरडा खायला घरी. नव्वदीत केबलवर एमटीव्ही आलं, १९९३ साली अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू लागलं, आणि इंग्रजी गाणी वाजवणारे बँड हळूहळू स्वतःची गाणी करायला लागले. मुंबईचा सेप्टर हा थ्रॅश बँड १९९८चा.

मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. २००० सालच्या या नियमांनुसार रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. रंगभवनला कॉलेज खेटून आणि रुग्णालयं जवळच. तिथले जलसे थांबले. पुढे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरबंदीवर शिक्कामोर्तब केलं.

नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या खिडकीखाली डबल बास वाजू नये, हे मेटल ऐकणाऱ्यालाही कळतं. पण बंद झालेल्या जागेच्या बदल्यात तशीच दुसरी जागा द्यायची असते, ते कुणी केलं नाही. इंडिपेन्डन्स रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानात वगैरे गेला. जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरससारख्या क्लबांनी काही वर्षं छोट्या बँड्सना सांभाळलं. पण स्टेशनजवळची, स्वस्त, सरकारी, कायमची जागा गेली ती गेलीच.

आणि याच शहरात १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सन आला तेव्हा राज्य सरकारने त्या कार्यक्रमाचा कोट्यवधींचा करमणूक कर माफ केला होता. ग्राहक पंचायत त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. एका रात्रीच्या मोठ्या पाहुण्यासाठी कर माफ होऊ शकतो. दर शनिवारी वाजवणाऱ्या चार पोरांच्या वाट्याला मात्र परवान्यांची रांग येते.

राजवाड्याचं मैदान

बंगळुरूकडे पॅलेस ग्राउंड्स होतं. म्हैसूरच्या वडियार घराण्याची ही शहराच्या मधली प्रचंड जागा. १९९६ साली कर्नाटक सरकारने ती ताब्यात घेण्यासाठी कायदा केला, घराणं कोर्टात गेलं आणि कज्जा दशकानुदशकं रेंगाळला. दरम्यान मैदान भाड्याने जात राहिलं. लग्नं, प्रदर्शनं, राजकीय सभा, आणि मेटल. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन तिथे वाजला. मार्च २००८ मध्ये मेगाडेथ आणि मशीन हेड आले. चार दिवसांच्या बसमधून नाव घेऊन उतरलेला तो मस्टेन पंचवीस वर्षांनी कन्नड पाट्यांच्या शहरात उभा होता.

मुंबईला काहीच आलं नाही असं नाही. आयर्न मेडनने २००८ सालचा आपला जागतिक दौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. पण थ्रॅशची सवय बंगळुरूला लागली. २०१२ साली तिथे बंगळुरू ओपन एअर सुरू झालं, पहिल्याच वर्षी एसेनचा क्रिएटर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्लेयर.

पुण्याहून बंगळुरू साधारण ८४० किलोमीटर. मुंबईहून उद्यान एक्स्प्रेसला जवळपास एक दिवस. शुक्रवारी रात्री निघा, शनिवारी पोचा, ऐका, रविवारी परत, सोमवारी सकाळी सबमिशन. ही आमची गणितं.

भाऊबीज, २०११

मेटालिका भारतात यायची तारीख ठरली २८ ऑक्टोबर २०११, गुडगाव. देशातल्या पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीला जोडून. दुसरा कार्यक्रम रविवारी ३० तारखेला बंगळुरूला. लक्ष्मीपूजन २६ला होतं, म्हणजे गुडगावचा शुक्रवार बरोब्बर भाऊबीजेचा.

मी तेव्हा चौदा वर्षांचा, कराडला. मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, पुण्यात इंजिनिअरिंगला होता आणि त्याच्याकडे बंगळुरूचं तिकीट होतं. पण घरात मेटालिका आणलं होतं माझ्या ताईने. मैत्रिणीकडून भरून आणलेला पेन ड्राइव्ह, कम्प्युटरच्या स्पीकरवर ‘मास्टर ऑफ पपेट्स’. दादाला तिनेच नादाला लावलेलं. त्या दिवशी ओवाळून झालं, दादाने पाकीट पुढे केलं, तर ताई म्हणाली, “ओवाळणी नको. मला पण ने.”

मावशी हसली, आई नाही. “पोरीच्या जातीने रात्रभर बसने जायचं? त्या गर्दीत?”

वाद जेवणापर्यंत चालला आणि कदाचित सुटलाही असता. पण रात्री टीव्हीवर गुडगाव आलं. मंचासमोरचा अडथळा कोसळला म्हणून आधी कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर ढकलला. देशभरातून आलेले लोक भडकले, मंचावर चढले, सामान फोडलं. शेवटी सगळंच रद्द. आयोजकांपैकी काहींना अटक झाली. घरात एकच वाक्य झालं. “बघितलंस?” त्यावर ताईकडे उत्तर नव्हतं.

त्या फुटलेल्या मंचाबद्दल तेव्हा खूप लिहिलं गेलं, की भारतीयांना कॉन्सर्टची शिस्त नाही वगैरे. मला त्यात दुसरंही काही दिसतं. ज्या माणसाने वीस-पंचवीस वर्षं वाट पाहिली, पगार मोडला, दोन दिवसांचा रेल्वेप्रवास केला, त्याच्यासाठी ‘उद्या या’ या दोन शब्दांत परतीचं तिकीट आणि सोमवारची नोकरी असते. मोडतोड त्याने समर्थनीय होत नाही. पण जी गोष्ट आयुष्यात एकदाच घडणार आहे असं वाटतं, तिच्याभोवती माणसं अशी पेटतात. दर महिन्याला घडणाऱ्या गोष्टीसाठी कुणी मंच फोडत नाही.

दादा शनिवारी रात्री कोल्हापूर नाक्यावरून बसला. रविवारी बंगळुरूत पाऊस झाला, मैदानात चिखल, आणि त्या चिखलात मेटालिका पूर्ण वाजला. आधी इनर सँक्टम हा तिथलाच बँड वाजला होता. मध्ये कधीतरी दादाने घरी फोन लावून हात वर धरला. ताईने फोन स्पीकरवर टाकला. आम्हाला फक्त घरघर ऐकू आली, मिक्सर खराब झाल्यासारखी. ती मात्र फोन कटेपर्यंत ऐकत राहिली.

लांबचं आणि जवळचं

मी स्वतः इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा त्याच रस्त्याने गेलो. बस कराडवरूनच जाते. मॉशपिटमध्ये पहिल्यांदा पडलो तेव्हा चार अनोळखी हातांनी उचललं. हा तिथला अलिखित नियम आहे, पडलेल्याला आधी उभं करायचं. तो आनंद खोटा नव्हता. पण आजूबाजूला बघितलं तर बहुतेक माझ्यासारखेच होते, मुलगे, इंजिनिअर किंवा होऊ घातलेले, हॉस्टेलवर राहणारे, घरी न सांगता तीन दिवस गायब होऊ शकणारे. आम्ही म्हणायचो, प्रवास करतो तोच खरा फॅन. त्या हिशोबाने आमच्या घरातली पहिली आणि सगळ्यात जास्त ऐकलेली फॅन खोटी ठरते.

प्रवासाने निष्ठा मोजली जात नाही. मोकळीक मोजली जाते, खिशातली आणि घरातली.

आणखी एक गोष्ट मला कामावर, कोड लिहिता लिहिता, सुचते. मोठ्या कॉन्सर्टने श्रोते तयार होतात, बँड तयार व्हायला छोटी जागा लागते. सोळा वर्षांच्या पोराने जेम्स हेटफिल्डला मोठ्या पडद्यावर पाहिलं तर तो भारावतो. पण शेजारच्या गल्लीतल्या पोरीला त्याने पन्नास माणसांपुढे वाजवताना पाहिलं, तर घरी जाऊन तो गिटार काढतो. हेटफिल्ड स्वतःही तसाच घडला.

आता चित्र बदललं आहे असं म्हणतात. २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा भरतं. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत वाजला, मे महिन्यात गन्स एन रोझेस मुंबईत. आता बंगळुरूची पोरं आपल्याकडे येतात आणि रस्ता उलट्या दिशेने वाहतो. मला याचा आनंद आहे, पण अर्धाच. स्टेडियम परत आलं, लोकलच्या पासावर जाता येईल अशी जागा आली नाही. नागपूर, नाशिक, सोलापूर, कराडमधल्या एखाद्या पोरीने आज बँड काढला तर तिने वाजवायचं कुठे? नगरपालिकेचं नाट्यगृह तिला कोणत्या दिवशी, किती भाड्याने मिळेल? पोलिसांचा परवाना काढायला ती कुणाकडे जाईल?

आवाजाचे नियम पाळून, संध्याकाळी सात ते साडेनऊ, दोनशे माणसांची बंद दाराची खोली. एवढंच लागतं. तिथून ती मुलगी रात्री दहाला घरी पोचेल आणि कुणाची परवानगी मागावी लागणार नाही.