सोन्याचं पाणी आणि तपकिरी भुकटी

एक सोपा प्रश्न. चांदी, तांबं आणि सोनं यांपैकी सर्वांत चांगला विद्युतवाहक कोणता? चांदी. मग तांबं. सोनं तिसरं! तरीही हाय-फाय केबलच्या कनेक्टरला सोन्याचं पाणी का देतात?

आज आपण वापरतो तो आरसीए कनेक्टर १९३० च्या दशकातला. रेकॉर्ड प्लेयर रेडिओला जोडायची ती एक स्वस्त सोय होती. त्याच सुमारास बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीत स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ रॅग्नर होल्म वेगळाच विचार करत होते. दोन धातू एकमेकांना नेमके कुठे टेकतात? १९४१ च्या जर्मन ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडलं. गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही फक्त काही सूक्ष्म ठिपक्यांवरच टेकतात आणि सगळी विद्युतधारा तिथून दाटीवाटीने जाते. एका ठिपक्याचा रोध म्हणजे धातूची रोधकता भागिले ठिपक्याच्या त्रिज्येची दुप्पट.

जरा आकडे घालून बघा. त्रिज्या १० मायक्रोमीटर धरली तर चांदीसाठी सुमारे ०.८ मिलिओहम येतो, सोन्यासाठी १.१. फरक जवळपास नाहीच. खरा खेळ ठिपक्यावरच्या थराचा आहे. पैंजण काळे पडतात तशी चांदीवर सल्फाइडची पुटं चढतात, तांब्यावर ऑक्साइडची. ऑडिओ सिग्नलचा व्होल्टेज इतका कमी असतो की हा थर तो भेदू शकत नाही. मग ऐकू येते खरखर. सोन्यावर असा थर चढत नाही. पण पातळ सोन्यातून खालचं तांबं हळूहळू वर येतं, म्हणून मध्ये निकेलचा थर देतात.

म्हणजे न गंजणारा धातू घेतला की काम झालं? इथेच इतिहास वळण घेतो. अमेरिकेत टेलिफोनच्या रिलेमध्ये पॅलॅडियमचे संपर्क वापरत. गंज नाही, तरीही त्यांवर तपकिरी भुकटी साचायची आणि संपर्क बिघडायचा. १९५८ मध्ये बेल लॅब्सच्या हर्मन्स आणि ईगन यांनी कारण मांडलं. आजूबाजूच्या सेंद्रिय पदार्थांची वाफ पॅलॅडियमवर बसते आणि घर्षणाने तिचं बहुवारिक बनतं. सोन्यावर हे फारच कमी होतं.

आता ऑडिओकडे परत येऊ. अँप्लिफायरचा इनपुट रोध १० किलोओहम आणि जोडाचा १० मिलिओहम असेल, तर फरक दहा लाखांत एक भाग. तो कानाला कळणार नाही. त्यामुळे नव्याकोऱ्या दोन केबल एका दुपारी ऐकून धातूंची तुलना करणारा प्रयोग चुकीचा प्रश्न विचारतो. कनेक्टरचा धातू ठरवतो ते हे, की दमट हवेत, शंभर वेळा काढ-घाल केल्यावर, पाच वर्षांनीही जोड तसाच राहील का.

हे मी स्वतः ठेच लागून शिकलोय. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझ्या नमुन्यात दिसलेला ‘नवा परिणाम’ शेवटी सैल क्लिपचा निघाला. दोन महिने गेले. म्हणून तुम्ही पुढचं मापन करताना एकच करा: जोड काढून परत लावा, दहा वेळा, आणि आकडे किती हलतात ते आधी वहीत लिहा. तुमचा शोध त्या हलण्यापेक्षा मोठा असेल, तरच गाईडकडे जा.