चुलीमागची भिंत, पायाखालचा कोबा

बसून स्वयंपाक व्हायचा तोवर स्वयंपाकघर म्हणजे मुख्यतः जमीन. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, कणकेची परात जमिनीवर आणि जेवणाची पंगतही तिथेच. भिंतीकडे फारसं काम नव्हतं. फळी, खुंट्या, कोपऱ्यात उतरंड आणि चुलीमागे काजळी, एवढाच तिचा संसार. सगळी निगा जमिनीच्या वाट्याला यायची : चुलीला रोज पोतेरं, भुईला ठरलेल्या दिवशी शेणाचं सारवण.

आजच्या नव्या स्वयंपाकघरात ओट्यामागे काचेच्या टाइल्स असतात आणि पायाखाली घोटलेलं काँक्रीट. ही जोडी अगदी अलीकडची, परदेशी मासिकांतून उचललेली वाटते. पण दोघींची कुळी शोधत मागे गेलं की एक वळण स्पष्ट दिसतं. स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली आणि भिंत व जमीन यांच्या कामांची अदलाबदल झाली. फोडणीचे शिंतोडे आता छातीच्या उंचीवर उडू लागले. जमिनीवर फक्त पावलं उरली.

आधी जमिनीचं बघू. काँक्रीटच्या फरशीचा आपल्याकडचा पूर्वज म्हणजे चुन्याचा कोबा. वाड्याच्या बांधकामावर चुन्याची घाणी असायची : गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि त्याला जुंपलेला बैल. चुना, वाळू, विटांचा चुरा असं सगळं त्यात मळून निघायचं. पकड यावी म्हणून गुळाचं नि हिरड्याचं पाणी घालत. थर पसरला की माणसं धुमस घेऊन तो ठोकत राहायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायची. या घोटाईत खरं कसब होतं. ओल किती शिल्लक आहे हे हाताला कळल्याशिवाय पृष्ठभागाला चकाकी येत नाही. घाई केली तर भेगा पडतात, उशीर झाला तर दगड नुसताच खरवडत जातो.

१८२४ साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. भारतात १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागलं. चुना मुरायला जो वेळ घ्यायचा, त्याच्या कितीतरी आधी सिमेंट घट्ट होतं. त्यामुळे धुमस आणि घाणी दोन्ही मागे पडली, पण कोबा टिकला, फक्त सिमेंटचा झाला. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात काँक्रीटमध्येच उभ्या राहिल्या. एकच खोली, कोपऱ्यात मोरी, मोरीशेजारी शेगडी. कोब्याकडे तेव्हा कोणी हौसेने बघत नव्हतं. ज्याला लादी परवडत नाही, त्याच्या घरात कोबा. ऐपत असलेल्यांसाठी भारत फ्लोअरिंग्जच्या रंगीत सिमेंट लाद्या होत्या. फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या भावनेने हा उद्योग सुरू केला आणि उरणला लाद्या घडू लागल्या.

सिमेंटच्या कोब्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिमेंट सुकताना आकसतं, म्हणून सलग ओतलेली जमीन हमखास तडकते. गवंड्यांनी त्यावर उपाय काढला : जमिनीचे चौकोन पाडायचे आणि दोन चौकोनांच्या मध्ये काचेची उभी पट्टी बसवायची. तडा जायचाच असेल तर त्या सांध्यात जावा. जुन्या शाळेच्या व्हरांड्यात, सरकारी दवाखान्यात, सोसायटीच्या जिन्यापाशी खाली वाकून बघा. राखाडी सिमेंटमधून जेमतेम नखाएवढ्या जाडीची हिरवट रेघ सरळ जाताना दिसेल. काचेच्या वाळूत लोहाचा अंश असतो, त्यातून हा हिरवेपणा येतो. काच आणि काँक्रीट हे दोन्ही पदार्थ आपल्याकडे असे केव्हाच शेजारी नांदत होते, अनामिक गवंड्यांच्या हातांनी बसवलेले. आजचे डिझाइनर त्यांना एकत्र आणण्याचं श्रेय घेतात तेव्हा या गवंड्यांची आठवण कोणीतरी ठेवायला हवी.

भिंतीची वंशावळ वेगळी आहे. ती रोगाच्या भीतीतून येते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि उजेड, वारा, निचरा हे शब्द घरबांधणीच्या चर्चेत आले. जगभर त्याच सुमारास पांढरी चकचकीत टाइल इस्पितळांत, दूधकेंद्रांत, खाटकांच्या दुकानांत पसरत होती. १९०० साली पॅरिसच्या मेट्रोने आणि १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने ती आपल्या भिंतींना लावली. जमिनीखाली उजेड कमी, म्हणून तो परतवणारी भिंत हवी. माणसांची गर्दी, म्हणून धुता येणारी हवी. मळ लपवण्याऐवजी तो दाखवून देणारी भिंत हा विचार नवा होता. तोच पुढे स्वयंपाकघरात शिरला.

बाई उभी कशी राहिली, याचं एक ठळक उत्तर फ्रँकफर्टमध्ये मिळतं. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने तिथल्या कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या भोजनडब्यातली तोकडी मुदपाकखोली तिच्या डोळ्यांसमोर होती. ओटा, बेसिन, कपाटं यांतली पावलं मोजून तिने फेऱ्या कमी केल्या. अशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. पण तिने आणखी एक गोष्ट केली होती : खिडकीपाशी कामाचं टेबल आणि त्याला फिरतं स्टूल. भाजी निवडताना, चिरताना बसायची सोय तिने मुद्दाम ठेवली. आपल्याकडे ओटा आला, पण ते स्टूल आलं नाही. त्याची किंमत कितीतरी बायकांच्या गुडघ्यांनी आणि पोटऱ्यांनी चुकवली आहे, आणि काँक्रीटच्या कठीण जमिनीवर ती अजून वाढते.

मुंबईत उभ्या ओट्याला खरं बळ दिलं ते गॅसने. १९५०च्या दशकाच्या मध्यावर ‘बर्शेन’चे सिलिंडर शहरातल्या घरांत येऊ लागले. धूर गेला. धूर होता तोवर चुलीमागे काहीही लावलं तरी काळं पडणार हे ठरलेलं होतं. आता भिंत स्वच्छ ठेवणं शक्य झालं, म्हणून तिच्याकडून स्वच्छतेची अपेक्षाही सुरू झाली. एच अँड आर जॉन्सन ही कंपनी १९५८ मध्ये भारतात आली, आणि कडप्प्याच्या ओट्यावर पांढऱ्या टाइल्सच्या दोन-तीन ओळी हे मध्यमवर्गीय घराचं लक्षण बनलं. त्या टाइल्सचं वैर फक्त हळदीशी होतं. टाइल पुसली जायची, सांध्यातलं पांढरं सिमेंट मात्र पिवळं व्हायचं ते व्हायचंच.

काचेची टाइल या घराण्यात उशिरा आली. भिंतीवर काच जडवण्याची कला बायझंटाईन चर्चांची. रावेन्नातली सहाव्या शतकातली चित्रं आजही झळाळतात. सपाट, निर्दोष काच स्वस्तात मिळू लागली ती मात्र वितळलेल्या कथिलावर काच तरंगवण्याच्या पद्धतीमुळे, जी पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. आपल्याकडे काचेमागे एक राष्ट्रीय ध्यासही होता. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून जमवलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला, लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. मराठी स्वयंपाकघरात काच आधी अशी शिरली, कंदिलाच्या रूपाने. भिंतीवर ती फार नंतर चढली.

काचेच्या टाइलचं काम कौशल्याचं आहे. सिरॅमिकच्या टाइलमागे काय लावलं ते झाकून जातं, काचेतून सगळं दिसतं. म्हणून चिकटवायचा मसाला पांढराच हवा आणि तो एकसारखा दाबून पसरावा लागतो. थापीचे कंगोरे राहिले तर ते कायम दिसत राहतात. कापायला पाणी सोडत चालणारी हिऱ्याची पाती लागते. सांध्यात इपॉक्सी भरलं की हळदीचं जुनं दुखणं बरंच आटोक्यात येतं.

काँक्रीटच्या जमिनीचं दुखणं मात्र तिच्या रक्तात आहे. कडप्प्यावर लिंबाची फोड राहिली की तिथे पांढरट डाग पडतो, हे आपल्या आईला-आजीला पक्कं ठाऊक होतं. कडप्पा चुनखडीचा, आणि सिमेंटही चुनखडी भाजूनच होतं. आम्ल दोघांनाही खातं. चिंचेचा कोळ, आमसुलाचं आगळ, लिंबाचा रस सांडला आणि लगेच पुसला नाही, तर घोटलेल्या जमिनीची चकाकी तेवढ्या जागी जाते. वर पारदर्शक लेप चढवतात, पण तो पायांखाली झिजतो आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. ज्या घरात रोज सोलकढी होते, तिथे ही जमीन विकणाऱ्याने ही अट काम सुरू होण्याआधी सांगायला हवी, आणि ती घरात रोज लादी पुसणाऱ्या बाईंनाही सांगायला हवी.