खाचेपासून बिनतारी स्पीकरपर्यंत : ध्वनिमुद्रिका-श्रवणातील एका दुर्लक्षित दुव्याचा इतिहास

ध्वनिमुद्रिकांचा इतिहास आपल्याकडे बहुतांशी गायकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोण, केव्हा, कोणत्या कंपनीसाठी गायले, याच्या याद्या सिद्ध झाल्या आणि त्यांचे मोल मोठे आहे. परंतु तबकडीवर कोरलेला स्वर श्रोत्याच्या कानापर्यंत कोणत्या वाटेने येतो, हा प्रश्न तंत्रज्ञांचा मानून बाजूला ठेवला गेला. प्रस्तुत लेखात या वाटेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्याला निमित्तही आहे. कालबाह्य ठरवली गेलेली तबकडी परत आली असून अमेरिकेत २०२२ मध्ये, १९८७ नंतर प्रथमच, सीडीपेक्षा अधिक एलपी विकल्या गेल्या. मात्र हा नवा श्रोता जुना ॲम्प्लिफायर बाळगत नाही. त्याच्या घरी बिनतारी स्पीकर असतो.

एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. फ्रेड गायस्बर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा या व्यवस्थेत विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यात गावे, त्या कंपनांनी सुईने मेणावर खाच कोरावी आणि घरी दुसऱ्या सुईने व दुसऱ्या कर्ण्याने तीच क्रिया उलट करावी, इतका सरळ व्यवहार होता. आवाजाचा जो काही ऱ्हास व्हायचा तो उघडपणे होई.

१९२५ मध्ये विद्युत् ध्वनिमुद्रण आले आणि हा सरळपणा संपला. खर्जाचे स्वर आहेत तसे कोरले तर सुई इतकी डोलते की एक खाच शेजारच्या खाचेत शिरते. तारसप्तकातील सूक्ष्म कंपने आहेत तशी कोरली तर ती पृष्ठभागाच्या खरखरीत बुडतात. म्हणून मुद्रण करतानाच खर्ज कमी करण्याची आणि पुढे उच्च कंप्रता वाढवण्याची पद्धत रूढ झाली. वाजवताना याच्या नेमके उलट करावयाचे. याचा अर्थ असा की, खाचेत मूळ ध्वनी नसून त्याचे सांकेतिक रूप असते. किल्ली ज्याच्याजवळ आहे, त्यालाच तो उलगडतो.

अडचण अशी की प्रत्येक कंपनीची किल्ली वेगळी होती. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३ १/३ फेऱ्यांची एलपी बाजारात आणली. तिच्या बारीक खाचेमुळे हा संकेत अधिकच अपरिहार्य झाला, तरी कंपन्यांचे मतभेद संपले नाहीत. अखेर १९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे ‘आरआयएए’ने, एक समान वक्र स्वीकारला. वाजवताना १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ आणि २०,००० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल घट, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. याखेरीज दुसरी गरज होती. चुंबकीय कार्ट्रिजमधून निघणारा संकेत अवघा ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो. तो शंभरपट वा अधिक वाढवल्याशिवाय पुढच्या यंत्राला त्याचा उपयोग नाही. वक्र उलटवणे आणि संकेत वाढवणे ही दोन्ही कामे करणारा छोटा परिपथ म्हणजे फोनो प्रिॲम्प. कित्येक वर्षे तो घरगुती ॲम्प्लिफायरच्या पोटातच होता. मागील बाजूस ‘फोनो’ असे लिहिलेली खोबण एवढीच त्याची खूण. सीडी १९८२ मध्ये आली, आणि पुढच्या काळात अनेक ॲम्प्लिफायरांतून ही खोबण गळाली. बिनतारी स्पीकरमध्ये तर ती सहसा नसतेच. शीर्षकातील दुर्लक्षित दुवा तो हाच.

बिनतारी मार्गाचा इतिहास याहून धाकटा आहे. ब्लूटूथचे काम स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झाले ते मोबाइलच्या उपकरणांची तार काढून टाकण्यासाठी, संगीतासाठी नव्हे. संगीत वाहून नेण्याची व्यवस्था २००३ च्या सुमारास आली. तिच्यातील मूळ एसबीसी संकेतन सेकंदाला सर्वसाधारणपणे ३२८ किलोबिटपर्यंत माहिती वाहते. सीडीचे प्रमाण १४११ किलोबिट आहे. दुसरा मार्ग घरातील जाळ्याचा. सोनोस कंपनीने २००५ मध्ये आणलेल्या पहिल्या उपकरणातच बाहेरचा ध्वनी आत घेण्याची खोबण होती. तेथे त्याचे अंकीय रूपांतर होऊन तो इतर खोल्यांत जाई. अशा जाळ्यावरून ध्वनी न दाबताही नेता येतो. त्यात थोडा विलंब होतो हे खरे. पण तबकडीला चित्राशी जुळवून घ्यायचे नसल्याने त्याने बिघडत नाही.

तबकडीचा ध्वनी अंकांत बदलला की तिचे सत्त्व गेले, असे मानणारा एक वर्ग आहे. प्रस्तुत लेखकाला हे पटत नाही. चांगल्या अंकीय रूपांतराने होणारी हानी पृष्ठभागाच्या खरखरीपुढे नगण्य असते. खरी हानी त्याआधीच झालेली असते. प्रिॲम्प नसेल तर आवाज क्षीण आणि किरटा येतो. तबकडीयंत्रात तो अंगभूत असताना बाहेरून दुसरा जोडला तर खर्ज दुप्पट फुगतो आणि संकेत फाटतो. रूपांतरकाच्या तोंडाशी पातळी जास्त ठेवली तर मोठ्या तानेची शिखरे कापली जातात, आणि ती नंतर कशानेही परत येत नाहीत. स्पीकर व यंत्र एकाच फळीवर ठेवले तर स्पीकरचे कंपन सुईतून परत आत शिरते व घुमू लागते. बिनतारी व्यवस्थेचा खरा लाभ येथे आहे : स्पीकर यंत्रापासून हवा तेवढा दूर ठेवता येतो. जाहिरातींत मात्र याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

एलपीपुरते हे सुखसोयीचे प्रश्न आहेत. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांकडे वळले की ते पुराव्याचे प्रश्न होतात. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांचा स्वर आपल्यापर्यंत मुख्यतः अशा तबकड्यांतून आला आहे, आणि १९५४ चा वक्र त्यांतील बहुतेकांना लागू नाही. ब्रिटिश ग्रामोफोन कंपनीच्या विद्युत् मुद्रणात खर्जाची घट साधारण २५० हर्ट्झखाली सुरू होई व उच्च कंप्रता मुद्दाम वाढवलेली नसे. अशी तबकडी आजच्या प्रिॲम्पमधून वाजवली की ५००० हर्ट्झला सुमारे ८ डेसिबल विनाकारण कापले जातात. शब्दांची धार जाते आणि खर्ज फुगतो. तिची खाच रुंद असून तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची सुमारे २५ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी धूळ उपसत फिरते. वेगाचे तर विचारूच नये. आरंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर गायकाची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, लय वाढते, आवाजाची जातही पातळ भासते. एवढे झाल्यावर ‘त्या काळी असेच गात’ असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक वस्तुतः आपल्या यंत्राविषयी बोलत असतो.

केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अंतराळात गेली, तेव्हा योजकांनी सोबत कार्ट्रिज व सुई पाठवली आणि वाजवण्याचा वेग आवरणावर आकृतीने कोरला. परग्रहवासीयांसाठी घेतलेली ही दक्षता महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतील ७८ च्या तबकड्यांनाही लाभावयास हवी. या संग्रहांचे अंकीकरण करताना बिनतारी दुवा मध्ये न घेता, कोणताही वक्र न लावलेली एक प्रत आधी जतन करावी. ऐकण्यासाठीची प्रत नंतर, तबकडीच्या कंपनीनुसार व काळानुसार, वेगळी तयार करावी. सुईचा आकार, योजलेला वेग व वक्र यांची नोंद धारिकेसोबत असावी. वेगाचा अंदाज घेताना साथीच्या पेटीची पट्टी आणि शेवटी नाव सांगणाऱ्या गायकाच्या बोलण्याचा स्वाभाविक आवाज, या दोहोंचा काहीसा आधार मिळतो.