पगारपत्रकातले दोनशे रुपये आणि रोजगार हमीचा इतिहास

महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' नावाची एक ओळ असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २५००. हा कर आला कुठून, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. शहर-गाव उत्पन्नातल्या दरीवर काम करायचं असेल तर इथूनच सुरुवात करा, असं मी सांगेन.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. दुष्काळ सरला, पण काम मागणारे हात गावात होतेच. मग कायमची योजना चालवायला पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा आला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून कर घ्यायचा आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची. वसुलीचा मोठा वाटा साहजिकच मुंबईचा. रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता, तोही दिवसाला एक रुपया!

शहरांनी हे फारशी कुरकुर न करता कसं मान्य केलं? गावात काम मिळालं तर मुंबईकडे येणारे लोंढे कमी होतील, हा हिशोब त्यात होता. म्हणजे निव्वळ दानत नव्हे.

इथे नवखा संशोधक एक घाई करतो. पैसा शहरातून गावात गेला, म्हणजे दरी कमी झाली, असं तो लिहून टाकतो. पण गाव म्हणजे एक माणूस नव्हे. हेरिंग आणि एडवर्ड्स यांनी १९८३ च्या लेखात नेमका हाच मुद्दा मांडला: मजुरांना मजुरी मिळते, पण पाझर तलाव आणि रस्ते यांचा टिकाऊ फायदा जमीनवाल्यांकडे जातो. तलावाखालची विहीर कुणाची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट १९८८ ची. किमान वेतनाशी सांगड घातल्यावर मजुरीचे दर साधारण दुप्पट झाले. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी यांनी दाखवलं की त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासं झालं. कामांचं प्रमाण आवळलं गेलं. कायद्यातला शब्द तोच, हमी मात्र पातळ झाली. नुसते शासन निर्णय वाचून हे कधीच कळलं नसतं.

म्हणून माझा भर मस्टरवर आहे. त्यात नाव, हजेरीचे दिवस, रक्कम आणि अंगठा असतो. दरी किती बुजली ते त्यातून कळणार नाही, पण कोणत्या महिन्यात कोण कामावर होतं आणि कोण नव्हतं, ते कळतं.