'अलूफ' शब्दाची कुळकथा

माणसांप्रमाणें शब्दांनाही कुळ असतें. आज मी आपणांस एका इंग्रजी शब्दाची कुळकथा सांगणार आहें. तो शब्द म्हणजे 'अलूफ'. जो मनुष्य चारचौघांत मिसळत नाहीं, आपण होऊन बोलत नाहीं, हातभर अंतर राखून वागतो, त्याला इंग्रजींत हें विशेषण लावतात. ह्या शब्दाचें मूळ शोधण्याची इच्छा मला झाली, ती एका विद्यार्थ्याच्या आईमुळें.

शिक्षकाच्या नोकरींत असतां वर्षअखेर प्रगतिपुस्तकें भरावीं लागत. त्यांत 'स्वभाव' असा एक रकाना असे. माझ्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. मधल्या सुटींत सगळीं मुलें एकत्र बसत, तेव्हां हा एकटाच विहिरीच्या कठड्याकडे जाऊन बसे. कोणीं हाक मारली तरी येत नसे. मीं त्याच्या रकान्यांत 'अलूफ' एवढाच शब्द लिहिला, आणि नेमका शब्द सांपडला ह्याचें मला थोडें समाधानही वाटलें. दोन दिवसांनीं त्याची आई तें पुस्तक घेऊन आली. "गुरुजी, ह्या शब्दाचा अर्थ काय हो?" तिनें विचारलें. मीं काय उत्तर दिलें तें शेवटीं सांगेन. आधीं शब्दाचें मूळ पाहूं.

'अलूफ' हा शब्द मूळचा समुद्रावरचा. सोळाव्या शतकांत तो इंग्रजींत दिसूं लागला. त्याचे दोन तुकडे आहेत. पहिला 'अ' म्हणजे 'वर' किंवा 'कडे'; 'अशोर' म्हणजे किनाऱ्यावर, 'अबोर्ड' म्हणजे जहाजावर, ह्या शब्दांतही तोच आहे. दुसरा 'लूफ' म्हणजे जहाजाची वाऱ्याकडची बाजू. डच भाषेंत हा शब्द ह्याच अर्थानें आहे. डच लोक नाणावलेले दर्यावर्दी. 'डेक', 'स्किपर', 'यॉट' हे शब्दही इंग्रजांनीं त्यांच्यापासूनच उचलले. तेव्हां 'अलूफ' म्हणजे 'वाऱ्याच्या बाजूस', आणि ती सुकाणूं धरणाऱ्यास दिलेली आज्ञा होती : जहाजाचें तोंड वाऱ्याकडे ठेव.

ही आज्ञा कशासाठीं, तें कोंकणांतील श्रोत्यांना सांगावयास नको. वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहत असला म्हणजे शिडाच्या जहाजाला किनाऱ्यासारखा दुसरा शत्रु नाहीं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यांत असाच वारा सुटतो. म्हणून शिडांच्या काळीं गलबतें आणि मचवे पावसाळ्यापूर्वीं खाडींत आणून ठेवीत, आणि नारळी पौर्णिमा झाल्यावरच पुन्हा दर्यांत लोटीत. अशा वाऱ्यांत सांपडलेलें जहाज स्वस्थ राहिलें तर आपोआप खडकावर जातें. बचावाचा मार्ग एकच. शिडाचे दोर ताणून, सुकाणूं घट्ट धरून, साधेल तितकें तोंड वाऱ्याकडे ठेवावयाचें. नेमक्या समोरच्या वाऱ्यांत शिडाचें जहाज चालत नाहीं; म्हणून तें तिरकें हांकावें लागतें. तें एका अंगावर कलतें, लाटांचे तुषार तोंडावर येतात, दोरांनीं हात सोलवटतात; परंतु क्षणभर ढिलाई केली कीं किनारा जवळ आलाच. म्हणजे 'अलूफ' राहणें हें मुळांत तिरस्कारानें पाठ फिरविणें नव्हे. फुटूं नये म्हणून उपसलेले ते कष्ट होत.

किनाऱ्यापासून दूर राहण्याची ही क्रिया सांगतां सांगतां शब्दाला नुसता 'दूर' हा अर्थ चिकटला. शेक्सपियरचें 'रोमिओ अँड ज्युलिएट' हें नाटक सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतलें. त्यांत पॅरिस रात्रीं कबरस्तानांत आपल्या हुजऱ्याला दूर उभें राहावयास सांगतो, तेथें हाच शब्द आहे; समुद्राचा गंधही तेथें नाहीं. १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलांत, अडतिसाव्या स्तोत्रांत, व्याधीनें गांजलेला मनुष्य आपले स्नेही आपणांपासून दूर उभे राहतात म्हणून विलाप करितो. तेथेंही हाच शब्द. येथें अर्थाची बाजू उलटली, हें ध्यानांत घ्यावें. जहाजावर ज्याच्यावर संकट, तोच अलूफ राहत होता. स्तोत्रांत संकट एकाचें, आणि अलूफ राहणारे दुसरे. सतराव्या शतकांत ह्यावरून 'अलूफनेस' हें भाववाचक नामही निघालें, आणि मूळचें क्रियाविशेषण हळूहळू माणसाच्या स्वभावाचें विशेषण झालें.

ब्रिटिश अमदानींत आपल्या लोकांना हें विशेषण आठवे तें साहेबाचें वागणें पाहून. मुंबईच्या यॉट क्लबाची स्थापना १८४६ सालची. साहेबाच्या राज्यांत तेथें हिंदी मनुष्यास सभासद होतां येत नसे. लॉर्ड विलिंग्डन गव्हर्नर असतां, युरोपियन आणि हिंदी अशा दोघांसही खुला असलेला विलिंग्डन क्लब मुंबईंत स्थापन झाला. असा क्लब मुद्दाम काढावा लागला, ह्यावरूनच त्या अंतराचें माप घेतां येईल. शिडाच्या होड्या हांकणाऱ्यांत 'लफ', म्हणजे नावेचें तोंड वाऱ्याकडे वळविणें, हा शब्द अद्याप चालतो. 'अलूफ' त्याचाच सख्खा भाऊ. परंतु दिवाणखान्यांत शिरल्यापासून तो आपलें घर विसरला.

आपल्या भाषेंत ह्या दोन अर्थांना दोन निराळे शब्द आहेत. संसारांत राहून त्याचा लेप लागूं न देणारा तो अलिप्त, हा गौरव. ज्याला माणसेंच नकोशीं होतात तो माणूसघाणा; ही निंदा. इंग्रजींत एकच शब्द दोन्ही ओझीं वाहतो, म्हणून लिहिणाऱ्यानें तो जपून वापरावयास हवा. मीं जपलें नाहीं.

त्या माउलीला मीं सांगितलें, "बाई, तो मुलांपासून दूर दूर राहतो, असा ह्याचा अर्थ." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, त्याच्याजवळ डबा नसतो. जवळ बसला तर पोरें घास देऊं करतात, आणि नाहीं म्हणणें त्याला जड जातें. म्हणून लांब बसतो तो." मीं लेखणी घेऊन शब्द खोडला. परंतु खोडलेला शब्द वाचतां येतोच, आणि तिनें तें पुस्तक तसेंच घरीं नेलें.

पुढें कोशांत ह्या शब्दाचें मूळ सांपडलें, तेव्हां माझी चूक मला पुरती कळली. शब्द बरोबर होता, पण मीं त्याचा दिवाणखान्यांतला अर्थ घेतला होता. तो मुलगा रोज मधल्या सुटींत आपलें लहानसें तारूं वाऱ्याकडे वळवून धरीत होता, आणि मी सुखरूप किनाऱ्यावर बसून त्याला तुसडा ठरवीत होतों. आपल्या ओळखींत असा कोणी अबोल मनुष्य असेल, तर त्याला नांव ठेवण्यापूर्वीं वारा कोणीकडून वाहतो आहे एवढें पाहावें, ही विनंति करून मी आपली रजा घेतों.