उपनगरातील परसबाग

परसबाग हा शब्द मुंबईकराच्या कानाला आज खेडवळ वाटतो. परंतु अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जागांची नावे वाचीत जा. पावलोपावली 'वाडी' भेटते. साष्टीतील या वाड्यांत विहिरीच्या पाण्यावर भाजी पिके आणि ती शहराच्या बाजारात जाई. १९५० साली अंधेरी-घाटकोपरकडील आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग महापालिकेत आला. पुढे विहिरी बुजत गेल्या, नाव तेवढे उरले.

अन्न पिकवण्याचा उपदेश सरकारला आठवतो तो टंचाईत. २ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. 'अधिक धान्य पिकवा' ही हाक त्या काळातली. बंगल्याच्या आवारात वांगी-टोमॅटो लावणे सोपे होते. पण आवार असायला आधी बंगला हवा!

बैठ्या चाळीतल्या बाईने मात्र हाकेची वाट पाहिली नाही. मागल्या दारी मोरीलगत अळू, पत्र्यावर चढवलेला दुधीचा नाहीतर तोंडलीचा वेल, डालड्याच्या रिकाम्या डब्यात पुदिना. अळूच्या फतफद्यात चिंच का घालायची, हे नातवंडे आजीजवळ बसून शिकली. घशाला खाज सुटल्यावर तो धडा कोणी विसरत नसे.

१९७० नंतरच्या दशकात रेल्वेने रुळालगतच्या पडीक जमिनी कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी दिल्या. जमीन वापरात राहावी आणि तिच्यावर अतिक्रमण होऊ नये, असा दुहेरी हेतू होता. गाडीच्या खिडकीतून पालक-माठाचे हिरवे वाफे दिसत आणि डोळे निवत. पण कित्येक वाफ्यांना नाल्याचे पाणी दिले जात असे. ती स्वस्त जुडी कोणाच्या ताटात जात होती, हे मी आपणांस सांगायला नको. म्हणून भाजी हिरवी आहे का, यापेक्षा तिला पाणी कुठले मिळाले, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

याच्या उत्तराची एक वाट दाखवली ती गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवलेल्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, हा त्यांच्या 'प्रयोग परिवारा'चा हिशेब. ऊन, पाला आणि पाणी यांचे माप घ्यायला त्यांनी सामान्य शेतकऱ्याला शिकवले. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाची चिपाडे आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा वापरून भाज्या-फळे काढली. रसवंतीवाला जे फेकून देतो त्याचीच त्यांनी माती केली. त्यांच्याकडून शिकून २००२ पासून प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या सुमारे ३,००० चौरस फूट गच्चीवर बाग उभी केली. भाजीची देठे, फळांच्या साली, सारे तिथेच जिरू लागले. कामगारांच्या कँटीनचा कचरा कामगारांच्या डोक्यावरच सोने झाला, याचे मला विशेष कौतुक आहे.

एका सभेत हे सांगताच मागून एकाने विचारले, "भाऊ, पगारवाढ मागायची सोडून आता आम्ही कोथिंबीर लावायची काय?" प्रश्न रास्त होता. चार कुंड्यांनी घर चालत नाही, आणि रेशनवरच्या धान्याची जागा पालक घेऊ शकत नाही. मालकाने तसे सुचवले तर त्याला तिथेच थांबवावे. पण पालकावर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी अधिक लागते, हे पोराला कळावे, त्याने भाजी स्वतः उगवून पाहावी, यासाठी वेतनकराराची वाट कशाला पाहायची?

मुलांसाठी सुरुवात समुद्रमेथीने करावी. ती मुंबईचीच आहे, वाळूत होते. पसरट ट्रेला खाली भोके पाडा, वाळू भरा, मेथीदाणे दाट पेरा, नळाचे पाणी शिंपडा. दोनेक आठवड्यांत मूल स्वतःच्या हाताने जुडी उपटते आणि घरची भाकरी त्या दिवशी तक्रार न करता खाते.

२०१९ साली केंद्र सरकारने शाळांतील पोषण-परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मैदान नसेल तर कुंड्या चालतात, गच्ची चालते. आमच्या भागात शाळांना गच्च्या आहेत, पण त्यांना कुलपे असतात. किल्ली कोणाकडे, हे पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत विचारावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत किमान पाऊण हिस्सा सभासद पालक असतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया.