धक्का आणि नाटक

बास्केटबॉलचा इतिहास पाहिला तर पंचापुढचा प्रश्न कसा बदलत गेला ते आपल्याला दिसतं. १८९१ साली स्प्रिंगफील्डमध्ये नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहिले. ढकलणं, धरणं, पाडणं म्हणजे फाउल. संशय फक्त धक्का देणाऱ्यावर. पडणाराही फसवत असेल, याचा त्यात विचारच नाही. १९६३मध्ये मात्र बोस्टन सेल्टिक्सचा फ्रँक रॅम्झी पंचांना कसं चकवायचं, ते ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये उघडपणे सांगतो! २०१२मध्ये एनबीएनं अशा नाटकाला आधी ताकीद, मग पाच हजार डॉलरपासून दंड ठेवला. पण निवाडा सामन्यानंतर, चित्रफीत पाहून. २०२३पासून पंचानं ते खेळ चालू असतानाच ठरवायचं आणि प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो द्यायचा.

आता ठरवायचं कसं? मनातला हेतू तर कुणालाच दिसत नाही. पंच प्रमाण बघतो: धक्का केवढा, पडणं केवढं. आणि एकाच प्रसंगात तो दोघांनाही दोषी धरू शकतो, एकाला फाउलबद्दल, दुसऱ्याला नाटकाबद्दल. आपल्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. तक्रार करणाऱ्यानं वाढवून सांगितलं, एवढ्यावरून त्याला धक्का बसलाच नाही, असं आपण म्हणू शकत नाही.